मुकी बटणं

माणसाला त्याची पायरी कोण दाखवून देतं, असं मला कुणी विचारलं, तर साहेब, सासरे आणि सोसायटीचे सेक्रेटरी या तिघांच्याही आधी मी माझ्या मोटारीचं नाव घेईन.

मोटार २००९ सालची. अर्थात सेकंडहँड. आधीचे मालक डॉक्टर होते आणि गाडी फक्त रविवारी काढायचे, असं दलालाने सांगितलं. पुण्यातल्या यच्चयावत जुन्या गाड्यांचे आधीचे मालक डॉक्टरच असतात. इतके डॉक्टर आणि इतके रविवार या शहराला कुठून मिळतात, हे मात्र दलाल सांगत नाही. ते असो. गाडी चालत होती, तक्रार नव्हती. तक्रार होती ती बटणांची.

स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला दोन आणि डॅशबोर्डाच्या मधोमध एक, अशी तीन बटणं. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने एक दाबलं. ते आत गेलं नाही, वर आलं नाही, दिवा लागला नाही. नीट पाहिलं तर ती बटणं नव्हतीच, बटणाच्या आकाराची काळी बुचं होती! कारखान्याचा हिशेब सरळ आहे. डॅशबोर्डाचा साचा महाग, तेव्हा साचा सगळ्यांना एकच. वरच्या मॉडेलचे पैसे ज्याने मोजले त्याच्या भोकात बटण, ज्याने मोजले नाहीत त्याच्या भोकात बूच. म्हणजे आपण काय घेऊ शकलो नाही, याची यादी रोज डोळ्यांसमोर! त्यात समोरच्या फ्लॅटमध्ये हीच गाडी, ह्याच रंगाची, पण वरचं मॉडेल. ते गृहस्थ एका बोटाने काच खाली करून मला 'गुड मॉर्निंग' म्हणायचे. मी हँडल फिरवून काच उतरवेपर्यंत ते कोपऱ्यावर पोचलेले असत.

तेव्हा गाडी वरच्या मॉडेलची करायची असं मी ठरवलं. सौ.ने रुपये बारा हजार मंजूर केले, तेही घराचा रंग एक दिवाळी पुढे ढकलून. अट एकच होती. "लावाल ते कंपनीचं वाटलं पाहिजे. मागच्या वेळच्या हॉर्नसारखं नको." (मागच्या वेळचा हॉर्न गाडी रिव्हर्समध्ये टाकली की आपणहून भजन म्हणायचा. तो विषय आमच्या घरी बंद आहे.)

खरं सांगायचं तर काचांचं कारण अण्णा होते. तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात नाही. पुढच्या सीटवर बसलं की दाराचं हँडल येतं नेमकं डाव्या हाताला. काच खाली करायची तर मी चालवता चालवता त्यांच्या अंगावरून वाकायचो. तीस वर्षं शाळेत मुलांना 'हात सरळ ठेव' म्हणून सांगितलेला माणूस. एकदा म्हणाले, "राहू दे, मी घरीच बरा." तेव्हापासून ते गाडीत बसेनासे झाले. पण सौ.कडून पैसे मागताना मी अण्णांचं नाव घेतलं नाही, समोरच्या फ्लॅटचं घेतलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नाना पेठेतल्या वायरमनने आधी मला शहाणपण शिकवायचा प्रयत्न केला. "साहेब, बाजारातलं किट टाका. दीड तासात मोकळे."

"नाही. कंपनीचं वाटलं पाहिजे."

"मग जुना बाजार. ठोकलेल्या गाडीची दारं बघा."

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे 'ओरिजिनल' या शब्दाच्या इतक्या जाती आहेत, की व्याकरणाच्या पुस्तकात एक धडा वाढवावा. ओरिजिनल, ओरिजिनलसारखं, एकदम ओरिजिनल, आणि सर्वांत वरचं म्हणजे "ओरिजिनल आहे हो, दिल्लीचं!" तीन रविवार घालवून मी वरच्या मॉडेलच्या एका अपघातग्रस्त भगिनीची दोन्ही मोटारी आणि बटणं मिळवली. शिवाय मोहात पडून चौदाशे रुपयांचे दोन फॉगलॅम्प घेतले. पुण्यात धुकं किती पडतं, असं सौ.ने विचारलं. मी म्हटलं, प्रश्न धुक्याचा नाही, उरलेल्या दोन बुचांचा आहे.

वायरमनने दाराचा पुठ्ठा उघडला आणि मी चाटच पडलो. मोटर बसवायची भोकं पत्र्याला कारखान्यातूनच पाडलेली होती! म्हणजे गाडी पंधरा वर्षं वाट बघत होती. वायरमनही तत्त्वाचा होता. "वायर कापली की गाडी रडते," असं म्हणत त्याने कपलरला कपलर जोडले, वेगळा फ्यूज टाकला. पहिल्या खेपेला 'वर' दाबलं की काच खाली जायची. पण या मोटरचं डोकं साधं असतं, दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. माणसांत ही सोय नाही.

अण्णांना मिरवत खाली आणलं. त्यांच्या दारावर कंपनीचं वाटणारं कंपनीचंच बटण. अण्णांनी डावा हात उचलून त्यावर ठेवला. बोटं आतल्या आत वळली. बटण दाबेना. हँडलसाठी मनगट लागतं आणि बटणासाठी बोट, आणि अण्णांचं दोन्ही गेलेलं आहे, एवढा विचार मी बारा हजारांत केलेलाच नव्हता.

"त्यात काय, मी इथून करतो," म्हणत मी माझ्या दारावरच्या बटणाने त्यांची काच खाली केली.

"म्हणजे खिडकी माझी, मर्जी तुझी," अण्णा म्हणाले आणि उतरून जिना चढायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी वायरमनपुढे बसलो. त्याने सगळं ऐकलं, गाडीत वाकला आणि डॅशबोर्डाच्या मधल्या बुचावर टिचकी मारली. "आजोबांचा उजवा हात इथं पोचतो की." डाव्या काचेचं आणखी एक बटण, रिले, वायर, मजुरी. बजेटमध्ये उरले होते साठ रुपये. मी न बसवलेले फॉगलॅम्प त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते निम्म्या भावात घेतले आणि वर चहा पाजला.

आता अण्णा रोज गाडीत बसतात. त्यांची काच स्थिर अशी राहतच नाही. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग असल्यामुळे काच उघडायचं काही कारण नसतं, तरी ते उघडून तिथल्या माणसाला नमस्कार करतात. एसी लावायची मात्र आता सोय उरलेली नाही.

परवा स्वारगेटच्या सिग्नलला शेजारी स्कूटरवर एक मुलगी मागे बसली होती. अण्णांनी मधलं बटण दाबलं, काच सरसर खाली. "अगं, ओढणी! चाकात जाईल!" तिने घाईघाईने ओढणी गोळा केली. "थँक यू आजोबा!" अण्णांनी काच वर घेतली. आपली आपण. मग माझ्या बाजूच्या दोन बुचांकडे बघून म्हणाले, "ती कशाची रे?"

"कशाची नाहीत, अण्णा."

"दाबून तरी बघ," अण्णा म्हणाले.