सौर तंत्रज्ञ घडवताना
फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेमुळे छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांची मागणी एकदम वाढली. योजनेचे उद्दिष्टच १ कोटी घरांचे आहे. आयटीआय झालेले वायरमन आणि इलेक्ट्रिशियन या कामाकडे वळले आणि त्यांना शिकवणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला: जास्त मुले घ्यायची, की घेतलेली नीट तयार करायची?

अभ्यासक्रम सुटा करून पाहिला तर हा पेच बराच सैल होतो. पॅनेलची दिशा आणि कल, इन्व्हर्टरचे कार्य, नेट मीटरिंगचा अर्ज हे विषय तीस जणांना शिकवले काय आणि शंभरांना काय, फारसा फरक पडत नाही. प्रस्तुत लेखकाने हा भाग मोठ्या सभागृहात नेला; मुलांचे त्यात काही अडले नाही. हातकाम मात्र गर्दीत शिकवता येत नाही.

पॅनेलच्या केबली एकमेकींना जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरचे उदाहरण घ्यावे. ४ चौरस मिलिमीटरच्या डीसी केबलचे टोक सोलायचे, त्यावर धातूची पिन बसवून क्रिंपिंग टूलने दाबायची आणि ती प्लॅस्टिकच्या आवरणात ‘टक्’ आवाज येईपर्यंत सरकवायची. सोलताना चार बारीक तारा तुटल्या किंवा पिन साध्या पक्कडीने दाबली, तरी कनेक्टर बाहेरून तसाच दिसतो. मल्टिमीटरही व्होल्टेज बरोबर दाखवतो, कारण त्या मोजणीत प्रवाह जवळजवळ नसतोच. पुढे उन्हाळ्यात पूर्ण प्रवाह वाहू लागला की सांधा तापतो, प्लॅस्टिक वितळते, ठिणगी पडते. ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्यातली ठिणगी विझायला वाव असतो. डीसीत तो नाही. ३ किलोवॉटच्या घरगुती जोडणीतही एका ओळीतल्या पॅनेलांचे व्होल्टेज ३०० च्या आसपास जाऊ शकते. या एवढ्याशा पिनेसाठी प्रत्येक मुलाशेजारी कुणीतरी बसलेच पाहिजे.

एकट्या शिक्षकाला ते शक्य नसते. उपयोगी पडली ती आधीच्या तुकडीतली, कामाला लागलेली मुले. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवले, त्याच जातीची ही व्यवस्था. पाच-सहा जणांमागे एक दादा असतो. “दादा, ओढून बघा,” म्हणत मुले सांधा पुढे करतात. पिन निसटली की केबल कापायची आणि पुन्हा सुरुवात.

यात धोकाही आहे. घाईच्या ठेकेदाराकडे पक्कडीने पिन दाबायची सवय लागलेला दादा तीच सवय खाली देतो. त्यामुळे दादांचा हात दर तुकडीआधी तपासावा लागतो. यात वेळ फार जातो आणि संख्या वाढवायच्या नादात पहिली कात्री इथेच लागते, हे फार वाईट आहे. रोजंदारी बुडवून येणाऱ्या दादाला त्या दिवसाचे पैसेही मिळायलाच हवेत; नुसत्या आपुलकीवर तो दोन-तीन तुकड्यांपलीकडे येत नाही.

काम लागल्यानंतरचे मार्गदर्शन बरेचसे फोटोंवर चालते. केबलची बांधणी, अर्थिंगची पट्टी, छतावरचे बोल्ट फोटोत दिसतात, आणि त्यावर एक माणूस बऱ्याच जणांना उत्तरे देऊ शकतो. कनेक्टरच्या आतली पिन फोटोत येत नाही. म्हणून नव्या मुलाच्या पहिल्या काही जोडण्या छतावर जाऊनच पाहाव्या लागतात.