हसनचे हिज्जे

नातू शाळेत जाऊ लागला आणि आम्ही दोघे म्हातारपणी फ्रेंच शिकायला बसलो. मुलगा नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये, ल्यों शहरात असतो. नातवाचे नाव हसन. अकीक्याच्या दिवशी आम्हीच ठेवलेले. शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला हाक मारली, "आझान!" फोनवर हे ऐकून आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो.

बाईंची चूक नव्हती. मुलाने पाठवलेले पुस्तक उघडल्यावर ते कळले. लहानपणी मकतबमध्ये उस्ताद हिज्जे करून वाचायला लावत, तसे फ्रेंच शब्दांचेही तुकडे पाडावे लागतात. दोन स्वरांमध्ये एकटे व्यंजन आले की ते पुढच्या तुकड्यात जाते. ते व्यंजन 'एस' असेल तर त्याचा 'झ' होतो. घराला म्हणतात मे-झों. 'एच' लिहितात, पण उच्चारत नाहीत. म्हणजे 'ह' गेला, 'स'चा 'झ' झाला, उरले आ-झान.

'स' टिकवायचा तर 'एस' दोनदा लिहायचा. मासा म्हणजे प्वा-सों. त्यातला एक 'एस' गळला की प्वा-झों, म्हणजे विष! आम्हा रत्नागिरीकरांना हा नियम लगेच पाठ झाला.

मुलगा म्हणाला, "अब्बा, वहीवर दोन एस लिहू का?" आम्ही घुटमळलो. आमच्या लेखी दोन 'स' म्हणजे तश्दीद. हसनचा हस्सान झाला तर नावच बदलले. हस्सान बिन साबित हे पैगंबरसाहेबांचे शायर. पण फ्रेंचमध्ये ही जोडी लिहिताना मधोमध तुटते, बोलताना मात्र एकच 'स' ऐकू येतो. "लिही," आम्ही म्हणालो.

आता बाई म्हणतात, "आसान!" अजान गेली, आसान आले, 'ह' काही आला नाही. त्यांच्याकडे तो मागण्यात अर्थ नाही, त्यांच्या भाषेत तो नाहीच. पण पोराच्या तोंडून तो जाऊ नये. म्हणून दर रविवारी फोनवर आम्ही सांगतो, "थंडीत काचेवर वाफ सोडतोस ना, तसा श्वास सोड. आता नाव सांग."

गेल्या रविवारी तो स्वच्छ म्हणाला, "हसन!" मग आमची परीक्षा सुरू झाली. आमचा 'र' त्याला पसंत पडेना. "दादाजी, जिभेने नाही, घशातून काढा!"

उस्तादांनी छडी दाखवून घोटून घेतलेला 'गैन' आम्ही आता पुन्हा बाहेर काढला आहे.