जखम आणि गाठ

गुलाबाचे डोळे बांधण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. खुंटाच्या सालीवर ‘टी’ आकाराचा काप घ्यायचा, चाकूच्या बोथट टोकाने साल उचलायची, आत डोळा सरकवायचा, पट्टी आवळायची. साल अलगद सुटली पाहिजे. ओढावी लागली, तर त्या दिवशी तो खुंट सोडून द्यावा.

एका वर्षी बाहेरून आणलेल्या नताल ब्रायरच्या खुंटांवर मी बांधलेली रोपं वाढेचनात. उपटून पाहिली. मातीलगत, खोड संपून मूळ सुरू होतं तिथे, लिंबाएवढी खडबडीत गाठ. किडीची असेल म्हणून चिरली. आत अळी नाही, पोकळी नाही. झाडाचाच गर, वाट फुटेल तिकडे वाढलेला.

ही करणी ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूची. 1907 मध्ये अमेरिकेत अर्विन स्मिथ आणि टाउनसेंड यांनी डेझीवरच्या गाठींतून तो शोधला. धडधाकट सालीतून तो शिरत नाही. जखमेतून पाझरणाऱ्या रसाचा माग काढत येतो आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. तो तुकडा पेशीच्या जनुकांतच जाऊन बसतो. 1977 मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं. मग पेशी बेसुमार वाढते आणि वर जिवाणूला लागणारं खाद्यही बनवते. आर्मिन ब्राउन यांनी त्याआधीच सिद्ध केलं होतं, की जिवाणू मारला तरी गाठ वाढतच राहते. म्हणून झालेल्या गाठीवर फवारणी चालत नाही.

हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही खुंट आणि डोळा जोडतो, पण दोघांची जात आपापल्या जागी राहते. वरच्या फुलाचा रंग खालच्या मुळात उतरत नाही. हा जिवाणू थेट जनुकांतच कलम करतो. शास्त्रज्ञांनी त्याची गाठ करणारी जनुकं काढली, जागी हवी ती बसवली आणि त्यालाच कामाला लावलं. आपल्याकडे 2002 साली आलेला बीटी कापूस त्याच वाटेने घडला. आणि एकादशीला आपण उकडून खातो त्या रताळ्यात तर याच कुळातल्या जिवाणूची जनुकं माणसाने हात न लावता केव्हाच येऊन बसली आहेत, हे 2015 मध्ये उघड झालं. मला त्या जिवाणूबद्दल आदर वाटतो, तो लपवत नाही.

पण जखम करणं हाच माझा धंदा, म्हणजे त्याच्यासाठी दार उघडणाराही मीच. तेव्हापासून दर रोपानंतर माझा चाकू स्पिरिटात बुडतो. हाताखालच्या पोरांना वेळ जातो असं वाटतं. जाऊ दे.

रोप विकत घेताना मातीलगतची जागा बोटांनी चाचपून बघा. गाठ लागली तर तासून लावू नका. आधीच लावलेल्या रोपाला दिसली, तर मुळांसकट उपटा आणि जाळा. कंपोस्टच्या खड्ड्यात तर अजिबात टाकू नका.