तिच्या हातचे पोहे



आज मनातली एक बोच सांगते. दर आठवड्याला मी मुलींच्या एका निवारागृहात जमाखर्च शिकवायला जाते. देहविक्रीसाठी विकल्या गेलेल्या आणि तिथून सोडवून आणलेल्या या मुली शिवणकाम करतात. बी.कॉम. झाल्यावर मी चाळीस वर्षे घरचाच हिशेब लिहिला. तेवढेच येते, तेवढेच शिकवते.

सुरुवातीला मला वाटे, सुटल्या ना, मग आता का रडतात? तिथल्या समुपदेशक ताईंनी समजावले. दार उघडले तरी भीती आतच राहते. रात्री दचकून उठणे, कुणाचा हात लागला की अंग चोरणे आणि ‘चूक माझीच’ असे वाटत राहणे. त्यातून १९५६ च्या कायद्याप्रमाणे न्यायदंडाधिकारी अशा मुलीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतात. हेतू भल्याचाच, पण किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या हाती. म्हणून ताई साधेसुधे विचारतात, “पंखा लावू? इथे बसू?” आपले ‘नको’ कुणीतरी ऐकते, हे कळण्यापासून बरे होणे सुरू होते. ‘कोलकाता संवेद’ ही संस्था तर अशा मुलींसाठी नृत्याचा उपचार म्हणून उपयोग करते. आपले शरीर आपलेच आहे, हे पुन्हा उमजावे म्हणून.

एकदा वर्गातल्या एका मुलीने पोहे केले. माझ्यासाठी मुद्दाम कांदा-बटाटा न घालता. बशी पुढे केली. मी म्हटले, “आज उपवास आहे गं.”

उपवास नव्हता. माझा हातच पुढे झाला नाही.

पुढचे दोन आठवडे ती वर्गाला आली नाही.

चंदनेची कथा मी पाठशाळेत कितीदा सांगितली असेल! राजकन्या, पळवून नेलेली, विकली गेलेली, साखळदंडात बांधलेली. कौशांबीत भगवान महावीरांनी तिच्या हातून आहार घेतला. पुढे ती ३६,००० आर्यिकांची प्रमुख झाली. पण त्या प्रसंगात देणारी ती होती आणि घेणारे भगवान, हे मला कधी दिसलेच नव्हते. आपण धान्य देतो, जुने कपडे देतो. त्यांच्या हातचे काही घेतो का?

तिसऱ्या आठवड्यात तिच्याजवळ गेले. “त्या दिवशी मी खोटं बोलले. उपवास नव्हता. मला क्षमा कर.”

“माहीत होतं, काकू,” एवढेच ती म्हणाली.

क्षमा केली की नाही, मी विचारले नाही. तो तिचा अधिकार. ती आता वर्गाला येते, जरा लांब बसते, हिशेब मात्र चोख लिहिते. पोह्यांची बशी अजून पुढे आलेली नाही. मी वाट बघते आहे.