ब्रिस्टलमधील भाद्रपद

श्रावण सरता सरता, २०२५ च्या ऑगस्टच्या मध्यास, आम्ही उभयता ब्रिस्टल येथे कन्येच्या बिऱ्हाडी जाऊन पोहोचलो आणि सर्वपित्री अमावास्या आटोपून परतलो. म्हणजे उभा भाद्रपद आमचा त्या गावी गेला. विलायतेतील प्रेक्षणीय स्थळांची वर्णने वाचकांस नवी नाहीत. ब्रुनेलच्या मूळ आराखड्यावरून उभारलेला आणि १८६४ साली खुला झालेला झुलता पूल आम्हीही पाहिला व तोंडात बोट घातले. परंतु घरात बसून आणि परसाच्या भिंतीवरून जे दिसले, तेच मनात अधिक राहिले आहे. म्हणून तेवढेच येथे लिहीत आहो.

घर ईस्टन भागात होते. तेथील घरे एकास एक चिकटून ओळीने उभी असतात. आपली चाळ जणू उभी करून ठेवावी तशी. दार निराळे, जिना निराळा, आणि मागे एखादे नऊवारी लुगडे जेमतेम वाळत पडेल एवढे परस. पहिल्या आठवड्यात सूर्य साडेआठास मावळे. देवापाशी दिवा केव्हा लावावा, हा सौभाग्यवतींस मोठाच पेच पडला. अखेर सातच्या ठोक्यास भर उजेडात निरांजन लावण्याचे ठरले. महिना संपता संपता सूर्यास्त सव्वासातावर आला, आणि त्यांस घड्याळ व आकाश यांचा एकदाचा मेळ बसल्यासारखे वाटले.

त्या वर्षीचा उन्हाळा म्हणजे ब्रिटनच्या हवामानखात्याच्या १८८४ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण! सरासरी तापमान सोळा अंशांच्या किंचित वर. आम्ही शाल पांघरून बसलेले, आणि शेजारीपाजारी उकाड्याने हैराण झाल्याच्या गोष्टी सांगत. मात्र त्या उन्हाने ब्लॅकबेरीची फळे लवकर पिकली होती, हे खरे. जुन्या लोहमार्गाचे रूळ काढून ब्रिस्टलपासून बाथपर्यंत तेरा मैलांची पायवाट केली आहे, तिच्या दोन्ही अंगांस या काटेरी जाळ्या माजल्या आहेत. बोटे काळीजांभळी होईतो फळे तोडावी आणि तेथेच खावी. आम्हांस तर कोकणातील करवंदांचीच आठवण झाली. नातवाला करवंद म्हणजे काय ते सांगू गेलो, तर तो म्हणाला, "म्हणजे इंडियातली ब्लॅकबेरी!" आमची उपमा त्याने उलटी करून आमच्याच हाती दिली.

गावची बोली मोठी गमतीची. बसमधून उतरताना थोरमोठे, पोरेसोरे, सारे चालकास "चिअर्स, ड्राइव्ह" म्हणून उतरतात. पहिल्या दिवशी आम्ही गप्प उतरलो, तेव्हा कन्येने हळूच कोपर मारले. पावाच्या दुकानातील एका वृद्ध बाईंनी सुटे पैसे देताना आम्हांस "माय लव्हर" म्हटले, तेव्हा सौभाग्यवतींची मुद्रा पाहण्यासारखी झाली होती! ते संबोधन त्या प्रांती 'बाबा रे', 'बाळा' याच मोलाने वापरतात, असे पुढे कळले. तरी ती हकीकत आमच्या घरी अद्याप पुरती मिटलेली नाही.

उष्ट्याखरकट्यासाठी प्रत्येक घरी झाकणास कडी असलेली एक तपकिरी पेटी असते, आणि दर आठवड्यास नगरपालिकेची गाडी ती रिती करून जाते. कडीचे कारण म्हणजे सीगल हे समुद्रपक्षी. ते छपरांवर घरटी करून राहतात, पहाटेपासून कर्कश ओरडतात, आणि माणसाच्या हातातला घास देखील उचलतात. या पक्ष्यांशी आमची गाठ पुढे निराळ्याच प्रसंगी पडावयाची होती.

गौरीगणपती झाले आणि पक्ष लागला. त्या पंधरवड्यात एके दिवशी आम्ही आर्नोस व्हेल नावाच्या जुन्या दफनभूमीत गेलो. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलनजीक स्टेपलटन येथे वारले. जानवे अखेरपर्यंत त्यांच्या अंगावर होते. कोणत्याही धर्माचा विधी न करता, एक शब्दही न उच्चारता, त्यांस तेथील एका बागेत पुरले. दहा वर्षांनी, १८४३ साली, द्वारकानाथ ठाकुरांच्या पुढाकाराने त्यांची समाधी आर्नोस व्हेलमध्ये आली आणि तिच्यावर दगडी छत्री उभी राहिली. पुढे १८४६ साली द्वारकानाथही लंडनमध्येच वारले. इंग्रजी झाडांच्या गर्दीत ती बंगाली छत्री पाहून आम्ही बराच वेळ बोललो नाही. सौभाग्यवतींनी तेवढे विचारले, "इथे यांच्या तिथीला कोण काय करीत असेल?" आम्ही उत्तर दिले नाही. प्रश्न राजांविषयीचाच होता की घरी असलेल्या मुलीविषयीचा, हेही आम्ही विचारले नाही.

आमच्या तीर्थरूपांचा पक्ष सर्वपित्रीस असतो. ती अमावास्या २१ सप्टेंबरास, रविवारी आली. सेंट मार्क्स रोडवरील दुकानांतून काळे तीळ व उडदाची डाळ आणली, भटजी नव्हतेच. जसे आठवले तसे तर्पण केले. खीर, वडे, कढी, आल्याची चटणी असा स्वयंपाक झाला आणि दुपारी पान परसाच्या भिंतीवर ठेवून आम्ही सारे उघड्यावर उभे राहिलो. कावळा कोठेच नव्हता. एक सीगल मात्र झेपावला आणि वडा उचलून चालता झाला.

"आजोबा, हा चालत नाही का?" नातवाने विचारले.

भिंतीपलीकडल्या बाई, वय ऐंशीच्या घरातले, यजमान जाऊन काही वर्षे झालेली, आपल्या वेलीवरील शेंगा तोडीत होत्या. कन्येने त्यांस सारे समजावून सांगितले. आम्हांस वाटले, हसतील. त्या हसल्या नाहीत. यजमानांच्या नावाचे एक बाक टेकडीवर आहे. त्यांच्या जन्मदिवशी थर्मासमध्ये चहा घेऊन आपण तेथे जातो, एक पेला आपण पितो व दुसरा तसाच निवू देतो, असे त्या म्हणाल्या. मग शेंगांची टोपली खाली ठेवून, हातातील छडीने सीगल हाकीत, त्याही आमच्याबरोबर वाट पाहत राहिल्या.

पाऊण तास झाला. ढग भरून आले, नातवास भूक अनावर झाली; तेव्हा पितरांस नमस्कार करून आम्ही आत गेलो व पाने मांडली. संध्याकाळी बाईंनी दारी येऊन शेंगांची जुडी दिली आणि सांगितले, तुम्ही आत गेल्यावर थोड्याच वेळात कावळा आला होता, चांगला मोठा, काळाभोर, आणि त्याने अगोदर खिरीस चोच लावली.

वडिलांस खीर फार प्रिय होती, हे कन्येने त्यांस सांगितले होते काय, ते आम्ही आजतागायत विचारलेले नाही.