लॅमिनेशन केलेली सनद

घरातल्या पेटीत सापडलेली मोडी सनद, पणजोबांची कुंडली, वतनाचा एखादा कागद झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणणारी माणसे बेफिकीर नसतात. बेफिकीर माणूस असले कागद रद्दीत घालतो. ज्याला चाड आहे तोच पदरचे पैसे मोजून कागदाचा घात करून घेतो, आणि मला इतकी वर्षे खटकत आले आहे ते नेमके हेच. यंत्रातून कागद जाताना प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूचा चिकट थर उष्णतेने वितळतो आणि कागदाच्या तंतूंत मुरतो. पुढे तो सहसा कागदाला इजा केल्यावाचून सुटत नाही. कागदात आम्ल असेल तर तेही आत कोंडले जाते आणि आपले काम करत राहते. वरून मात्र सनद चकचकीत दिसते. पेशवाईतल्या कागदाला तर या चिलखताची गरजही नव्हती. जुन्नरला किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने बनलेला कागद आणि काजळाची शाई ही जोडी फार चिवट. वाळवी, कसर, ओल आणि घड्या हे तिचे खरे शत्रू, आणि त्यांच्यासाठी दप्तरखान्यांत रुमाल आणि वेखंड होतेच. कुजतो तो नंतरचा, लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळ घातलेला गिरणीचा कागद. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र हातात चुरते आणि त्याहून दीडशे वर्षे जुने पत्र निमूट उलगडते.

‘सामान्य माणसाला हे कसे कळावे?’ हा आक्षेप रास्तच आहे, कारण जाणकारांनाही ते कळले नव्हते. व्हर्जिनियातल्या विल्यम बॅरो यांनी १९३०च्या दशकात सेल्युलोज असिटेटची पातळ फिल्म उष्णता आणि दाब देऊन कागदावर बसवण्याची पद्धत आणली. ती थोरामोठ्या अभिलेखागारांनी उचलली. त्याआधी कागदावर रेशमी शिफॉन चिकटवत, आणि ते काही दशकांत ठिसूळ होई. त्यामुळे असिटेट वरदान वाटले यात नवल नाही. बॅरो काही थापाड्या नव्हते. आम्ल हाच कागदाचा मुख्य रोग हे त्यांनी ओळखले, आणि लॅमिनेशनपूर्वी कागद चुन्याच्या निवळीतून आणि मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणातून काढायची पायरी घातली. कित्येक ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी नेमकी तीच गाळली गेली. (किचकट पायरी आधी गळते, हे आपल्या कचेऱ्यांत कुणाला सांगायला नको.) दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राविना काम होईल अशी पद्धत बसवली गेली : कागदावर फिल्म, तिच्यावर पातळ टिश्यू आणि वरून असिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. गरीब देशाला परवडणारी, हुशारीची युक्ती. पण असिटेट स्वतःच उष्ण, दमट हवेत विघटित होते आणि असेटिक आम्ल सोडते. सिनेमाच्या फिल्मना येणारा व्हिनेगरसारखा आंबूस वास तो हाच. १९४८च्या सुमारास आलेल्या ट्रायअसिटेट फिल्मच्या या रोगाची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारकडून. म्हणजे ज्या हवेत हे द्रव्य टिकणार नाही, त्याच हवेत आपण ते मौलिक कागदांवर चढवत होतो.

यावर कुणी म्हणेल, मग आजचे तज्ज्ञही उद्या चुकीचेच ठरणार. ठरतील. म्हणूनच आज जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. ती सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे, तर ओलावा देऊन पुन्हा सोडवता येते म्हणून. कागद रोज हाताळायचाच असेल तर पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये तो मोकळा ठेवून फक्त कडा बंद कराव्यात. कडा कापली की कागद बाहेर. खर्चाचा मुद्दा मला पटत नाही, कारण घरच्या कागदाला आम्लमुक्त कागदाची घडी, सुती कापड आणि कोरडे कपाट पुरते. लॅमिनेशनची हौस झेरॉक्सवर भागवावी. ‘स्कॅन केले, आता मूळ काही का होईना’ हे म्हणणे त्याहून वाईट. लांब दस्तऐवजात बंद कसे जोडले, पाठीमागे काय उमटले आहे, कागद कुठला, हे पुढून काढलेल्या एका छायाचित्रात येत नाही, आणि दस्त खरा की बनावट हा वाद अनेकदा तिथेच सुटतो.

एवढे बोलल्यावर एक गोष्ट माझ्याच म्हणण्याला छेद देते. त्या काळी हाताळताना तुकडे पडणारे जे कागद होते, त्यांतले कित्येक आज वाचता येतात ते त्या असिटेटमुळेच. त्यांना तेव्हा हात लावायला नको होता, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि आता ते सरसकट सोडवावेत असेही मला वाटत नाही. असिटोनच्या न्हाणीत फिल्म विरघळते, पण रबरी शिक्क्याची आणि बॉलपेनची शाईही तिच्याबरोबर वाहू शकते. काजळाची शाई त्यात तगते, गिरणीच्या कागदावरच्या सरकारी शेऱ्यांचे तसे नाही. वास येऊ लागलेले, फिल्म सुटू लागलेले कागद आधी घ्यावेत, आणि बाकीचे प्लॅस्टिकसकट थंड, कोरड्या खोलीत तसेच राहू द्यावेत.