फॅरामिरची कैफियत

आज रात्री टोल्किनच्या महाकथेवरील दुसरा चित्रपट, 'द टू टॉवर्स', पुन्हा पाहिला आणि 2002 साली तो प्रदर्शित झाला तेव्हा निष्ठावंत वाचकांनी जी फिर्याद मांडली होती, ती माझ्या अंतःकरणात तितक्याच तीव्रतेने जागी झाली. पहिल्या भागात टॉम बॉम्बाडिलला वगळले, ग्लॉरफिंडेलचे काम आर्वेनकडे सोपवले, हे सारे वाचकांनी कुरकुरत का होईना, सोसले. परंतु ग्रंथात ज्याने फ्रोडोकडील अंगठीचा मोह शांतपणे दूर सारला, तो फॅरामिर पडद्यावर फ्रोडोला बंदिवान करून थेट ऑस्गिलिआथपर्यंत नेतो, हे पाहताना, आपल्या परिचयातील एखाद्या सज्जनावर नाहक तोहमत यावी, तशी व्यथा होते.

दिग्दर्शक पीटर जॅक्सन आणि त्याच्या सहलेखिकांची कैफियत अशी, की अंगठी इतक्या सहजपणे नाकारता येते असे दाखवले, तर तिची दहशतच ओसरेल. युक्तिवाद नाट्यदृष्ट्या सबळ आहे. मला मात्र तो आजही मान्य नाही, कारण अंगठीचे सामर्थ्य तिला नाकारणाऱ्याच्या धैर्यातूनही मोजता येते.

आणि तरीही विस्तारित आवृत्तीतील एक क्षण मनातून जात नाही. ग्रंथात परक्या, मृत शत्रुसैनिकाविषयीची करुणा फ्रोडोचा सोबती सॅम याच्या मनात उमटते. येथे ती फॅरामिरच्या मुखी घातली आहे. जमिनीवर पडलेले ते कलेवर, त्यावर खिळलेली त्याची दृष्टी, आणि तो खालावलेला स्वर! तेवढ्यापुरता माझा फॅरामिर मला परत भेटला.